माळवाल्याची कावीळ

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या गुरुशांत कलशेट्टीच्या दुकानात आठवड्याचे सहा दिवस शेंगाचटणी मिळायची आणि रविवारी सकाळी कावीळ उतरायची. चटणीला पैसे पडायचे, कावीळ फुकट होती. साहजिकच पोट भरायचं ते सहा दिवसांवर आणि मान मिळायचा तो रविवारचा. खुद्द गुरुशांतला विचारलं तर तो म्हणायचा, "चटणी बायको करते, माळ वडिलांनी शिकवली. माझं स्वतःचं म्हणाल तर ही एक ढेरी."

माळ म्हणजे घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नवेच्या, ओल्या मुळीचे पेराएवढे तुकडे कच्च्या सुतात ओवून केलेलं कडं. ते रोग्याच्या डोक्यावर ठेवायचं. दिवसागणिक ते वाढतं, डोक्यावरून गळ्यात येतं, गळ्यातून छातीवर, छातीवरून बेंबीवर. माळ उतरली की कावीळ उतरली. माळ का वाढते हे गुरुशांतला पक्कं ठाऊक होतं. मुळी वाळून आक्रसते आणि सरकगाठीतलं सूत मोकळं होऊन लांबतं, एवढंच. वडिलांनी, म्हणजे शिवलिंगप्पांनी, गाठ शिकवतानाच हे सांगून टाकलं होतं. पण माणसं बरी होत होती, आणि बऱ्या झालेल्या माणसाशी कोण वाद घालतो? मंद्रूप, अक्कलकोट, पार केमपासून लोक यायचे, पायरीवर रांग लावून बसायचे.

माळेला पथ्य होतं. तेल, तूप, हळद बंद. ज्वारीची भाकरी आणि ताक. आणि सगळ्यांत कडक म्हणजे माळ अंगावर असेपर्यंत दुसरं कसलंही औषध घ्यायचं नाही. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," असं गुरुशांत भुवया उंचावून सांगायचा, आणि ऐकणारा हातातली डॉक्टरची चिठ्ठी हळूच खिशात घालायचा. माळ ज्याने घातली त्यानेच ती काढायची, नारळ फोडून, असाही दंडक होता. रोग्याने स्वतः काढली तर कावीळ उलटते म्हणत. कुणाची कधी उलटली हे मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि गुरुशांतला खाज सुटली. आधी त्याने साबणावर आळ घेतला, मग नव्या बनियनवर. दुकानाच्या लाकडी खांबाला तो म्हशीसारखी पाठ घासायचा आणि गिऱ्हाईक आलं की खांबाला टेकून विचार करत असल्याचं सोंग आणायचा. भूक मेली. ढेरी उतरायला लागली तेव्हा तर तो खूशच झाला. मग एका सकाळी दाढी करताना आरशातले डोळे हळदीने माखल्यासारखे दिसले.

भीती वाटायला हवी होती. त्याला वाटली लाज. पोलिसाच्या घरात चोरी झाली तर तो ओरडणार कुणाच्या नावाने? काविळीच्या माणसाला जग पिवळं दिसतं म्हणतात. गुरुशांतला सगळं जग स्वच्छ दिसत होतं, पिवळा होता तो एकटाच, आणि तो काविळीचा वैद्य. दोन दिवसांनी रविवार होता. त्याने काळा गॉगल लावला आणि पायरीवर बसून लोकांचे डोळे तपासले.

"अप्पा, डोळ्याला काय झालं?"

"मोतीबिंदू."

लोक हळहळले. एका म्हाताऱ्याने तर मोतीबिंदूवर आपल्या गावचं औषध सुचवलं, आणि गुरुशांतने ते मन लावून ऐकून घेतलं.

त्या दुपारी दार लावून त्याने स्वतःसाठी माळ ओवली. गाठ त्याचीच, सूत त्याचंच, लबाडी ठाऊक असलेला माणूसही तोच. पण माळ डोक्यावर ठेवली आणि त्याचा तिच्यावर विश्वास बसला. रोज सकाळी आरशापुढे उभा राहून ती कुठवर आली ते तो बघायचा. गळ्यात आली तेव्हा त्याला हुशारी वाटली. छातीवर आली तेव्हा त्याने भुवनेश्वरीला सांगितलं, "उतार पडला बघ." एके दिवशी ती जरा रेंगाळली असं वाटून त्याने बोटाने गाठ हलकेच ढिली केली, आणि दुसऱ्या दिवशी माळ खाली आलेली पाहून देवाला हात जोडले. माणूस दुसऱ्याला फसवताना निदान शुद्धीवर तरी असतो.

भुवनेश्वरी पहिल्या आठवड्यापासून म्हणत होती, "दवाखान्यात चला." तो म्हणायचा, "दुसरं औषध चालत न्हाय." ती म्हणायची, "तुमच्या अंगाला मांस उरलं न्हाय अन् माळेचं कौतुक चाललंय." तो म्हणायचा, "पथ्याचं आहे ते." असा दीड-दोन महिने संसार चालला. माळ कमरेपर्यंत उतरली. कावीळ होती तिथंच होती, उलट दाट झाली होती.

शेवटी एका सकाळी डंकावरून मिरची कांडून आलेली भुवनेश्वरी तशीच आत गेली, कातरी घेऊन आली, आणि खाटेवर खाजवत पडलेल्या नवऱ्याच्या अंगावरची माळ तिने कचकन कापली.

"अगं, काढायचा अधिकार..."

"साकु आता," ती म्हणाली. कानडीतलं हे 'पुरे' ती फार क्वचित वापरायची, पण वापरलं की घरात पुढे कुणी बोलत नसे. "उटा. रिक्षा थांबलीय."

दवाखान्यात ज्ञानदा मॅडम नावाच्या तरुण डॉक्टर होत्या, कॅन्सरच्या. त्यांच्यापर्यंत पोचायला आधी दोन डॉक्टर, एक सोनोग्राफी आणि एक मोठा स्कॅन लागला. पित्ताच्या नळीत गाठ होती, नळी तुंबली होती, म्हणून कावीळ. आधी दुर्बिणीतून नळीत स्टेंट बसवून तुंबलेलं पित्त मोकळं केलं. मग सुई घालून गाठीचा तुकडा तपासायला गेला. हे सगळं होऊन गुरुशांत मॅडमसमोर बसला तेव्हा डोळ्यांचा पिवळा थोडा निवळला होता आणि त्याच्या डोक्यात पुन्हा हुशारी आली होती.

"काका, आधी काही उपचार घेतले होते का?" मॅडमनी विचारलं.

"घरगुती थोडंसं."

"माळ," भुवनेश्वरी म्हणाली.

"कुणाची?"

गुरुशांत छताच्या पंख्याकडे बघू लागला. "हेच देतात," भुवनेश्वरी म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट पाहिलं. "बाळीवेशीतले? मी सातवीत असताना आमच्या बाबांना तुमचीच माळ होती, काका."

"बरे झाले की नाही?" गुरुशांत खुर्चीत पुढे सरकला.

"झाले. ती कावीळ विषाणूची होती. बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत आपोआप बरी होते."

चार-सहा आठवडे. माळेला बेंबीपर्यंत यायला लागतो तेवढाच वेळ. तीन पिढ्यांचं पुण्य बाईंनी एका वाक्यात निकालात काढलं, आणि वर त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून भांडताही येईना.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. गाठ नळीतून यकृतात पसरली होती. ऑपरेशनने काढण्याच्या पलीकडे गेली होती. गुरुशांतने विचारलं, "दोन महिने आधी आलो असतो तर?" मॅडम म्हणाल्या, "'तर'चं उत्तर मी कुणालाच देत नाही. आता आहे त्याच्याशी लढू." भुवनेश्वरीने पदर तोंडाशी धरला. गुरुशांत हसरा चेहरा करून बसला होता, कारण दुसरा कुठला करावा हे त्याला सुचत नव्हतं.

"तीन औषधं एकत्र द्यायचा विचार आहे," मॅडम म्हणाल्या. "एक केमो. ती वेगाने वाढणाऱ्या पेशींना मारते, चांगल्यांनाही थोडा फटका बसतो. दुसरं टार्गेटेड. तुमच्या गाठीच्या पेशींवर एक खूण सापडलीय, ती सगळ्यांत नसते, थोड्याच रोग्यांत असते. हे औषध ती खूण हेरून तिथंच जातं. तिसरी इम्युनोथेरपी. कॅन्सर शरीराच्या पहारेकऱ्यांना गुंगी आणतो, ती गुंगी हे औषध उतरवतं. केमो आणि इम्युनो एकत्र देतात हे आता रुळलंय. त्यात तिसरं घालणं अजून अभ्यासाखाली आहे. तुम्ही त्या अभ्यासात बसता, तयार असाल तर औषधं तिकडून मिळतील. पूर्ण बरं करीन असं मी म्हणणार नाही. गाठ आटोक्यात राहील, वेळ मिळेल अशी आशा आहे."

थोड्याच रोग्यांत असते हे ऐकून गुरुशांतला क्षणभर बरंच वाटलं. कॅन्सरमध्येसुद्धा आपण चारचौघांसारखे नाही! मग त्याला आपलं वाक्य आठवलं. दोन तलवारी. इथे बाई तीन घेऊन बसल्या होत्या.

"तिन्ही एकदम? आतल्या आत भांडणार नाहीत?"

"भांडली तर आम्ही बघू. त्यासाठीच दर वेळी रक्त तपासायचं."

घरी जाताना रिक्षात त्याने भुवनेश्वरीला समजावून सांगितलं, "एक सरसकट मारतंय, एक ओळखून मारतंय, आणि तिसरं आत झोपलेल्या राखणदाराला उठवतंय."

"म्हंजी आतबी तुमच्यावानीच कुणीतरी झोपलाय," ती म्हणाली, आणि दवाखान्यात गेल्यापासून पहिल्यांदा रडली. गुरुशांतने तिच्या हातावर हात ठेवला. त्याला तिची माफी मागायची होती, पण त्याने रिक्षावाल्याला रस्ता सांगितला.

इथवर जे झालं ते अडाणीपणात झालं म्हणता येईल. पुढचं मात्र गुरुशांतने पुरत्या शुद्धीत केलं.

औषध सुरू व्हायला अजून आठवडा होता. रविवार आला. भुवनेश्वरी भाचीच्या साखरपुड्याला अकलूजला गेली होती, आणि जाताना दार उघडायचं नाही म्हणून बजावून गेली होती. गुरुशांतने दार उघडलं नाही, फक्त कडी काढली. पायरीवर मंद्रूपचा बिरप्पा बसला होता. मेंढरं राखणारा, पन्नाशीचा, हाडाने मजबूत पण गालफडं बसलेला. बरोबर त्याची बायको. बिरप्पाचे डोळे पिवळेधमक होते आणि तो दंड खाजवत होता.

"लई लांबनं आलोय, अप्पा. तुमचंच नाव घेत आलो."

नाव घेत आलो म्हणाला आणि गुरुशांत विरघळला. एक शेवटची द्यावी, त्यात काय बिघडतं, असं त्याने स्वतःला सांगितलं. गॉगल लावला, माळ ओवली, डोक्यावर ठेवली. जिभेला वळण पडलेलं होतं, त्यामुळे तलवारी आणि म्यानही आपसूक तोंडातून गेल्या. बिरप्पा पाया पडून गेला. ते दोघं वळणावर दिसेनासे होईपर्यंत गुरुशांत दारात ताठ उभा होता. महिन्याभरात एवढा ताठ तो उभा राहिला नव्हता.

मग औषधं सुरू झाली. सकाळी खुर्चीत बसायचं ते संध्याकाळीच उठायचं. एकामागून एक बाटल्या, मध्ये नुसतं सलाईन, आणि दर थोड्या वेळाने हातातलं सलाईन झेंड्यासारखं उंच धरून बाथरूमला जायचं. मळमळ, थकवा, आणि तोंडाला लोखंडाची चव. तीस वर्षं चटणीची प्रत्येक खेप चाखून पास करणारा माणूस, त्याने एक खेप चाखून "फक्कड" म्हटलं, आणि त्यात मीठ दोनदा पडलं होतं. गिऱ्हाइकांनी डबे परत आणले. केस विरळ होतील असं सिस्टर म्हणाली तेव्हा त्याने डोक्यावरून हात फिरवून विचारलं, "कुठले?"

तिसऱ्या खुर्चीच्या दिवशी शेजारच्या खाटेवर नवा रोगी आला. ज्ञानदा मॅडम त्याच्या मुलाला विचारत होत्या, "ताप होता का? पोटात दुखलं? नाही? फक्त पिवळेपणा आणि खाज? वजन उतरलं? संडासचा रंग पांढरट मातीसारखा?" मुलगा प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होता. "अशी न दुखणारी कावीळ आली की नळी तुंबलीय का ते आधी बघायचं. थांबायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

गुरुशांतला मंद्रूपचा बिरप्पा आठवला. बिरप्पाला ताप नव्हता. दुखतही नव्हतं. खाजेचं त्याने स्वतः सांगितलं होतं, आणि त्याची बायको म्हणाली होती, "कापडं ढगळ व्हायलीत." सगळं समोर मांडून ठेवलेलं होतं, आणि गॉगल लावून बसलेल्या माणसाने त्यावर माळ घालून वर सांगितलं होतं की दुसरं औषध घेऊ नको.

फोन करायचा तर नंबर नव्हता. रोग्यांचे नंबर ठेवायची पद्धतच नव्हती, बरा झाला की माणूस आपल्या पायांनी नारळ घेऊन येतो. दोन दिवस गुरुशांतने स्वतःशी घासाघीस केली. नसेलही त्याला तसलं काही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आपण कशाला उघडायची? लोक काय म्हणतील, तीन पिढ्या आपल्याला बनवलं? आणि अंगात त्राणही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उलटी करून तोंड धुताना आरशात तो स्वतःला दिसला आणि त्याला स्वतःचीच किळस आली. त्याने भुवनेश्वरीला सगळं सांगितलं. तिने पायात चपला घातल्या.

मंद्रूपला बाजाराचा दिवस होता. एस.टी.तून उतरून दोघं कोथिंबिरीच्या आणि मिरच्यांच्या पाट्यांतून वाट काढत मेंढरांच्या बाजूला गेले. भर उन्हात मफलर, टोपी आणि काळा गॉगल लावलेला माणूस बघून दोन कोकरं बुजली. बिरप्पा एका गिऱ्हाइकाशी कोकराचा सौदा करत होता. गुरुशांतला बघून त्याने सौदा सोडला आणि सदऱ्याची बटणं काढली.

"बगा अप्पा, छातीपतूर आलीया! खाज तेवढी जाईना."

"बिरप्पा, ही माळ काढू या. तू दवाखान्यात चल. आज."

बिरप्पा हसला. "तुमी माझी परीक्षा बगायलाय."

"परीक्षा न्हाय रे. तुझी कावीळ माळेची न्हाय. आत नळी तुंबली असंल."

"अप्पा, तुमीच म्हणला व्हता की, दुसरं औषध घेटलं की माळ कोपती," बिरप्पाची बायको म्हणाली. "आमी तर गोळीबी घेटली न्हाय. डोकं दुखलं तरी न्हाय."

किती आज्ञाधारक माणसं! गुरुशांतला त्या क्षणी निम्मी बेइमानी करणारा रोगी मिळाला असता तर त्याने त्याचे पाय धरले असते. त्याने माळेची गाठ हातात घेऊन दाखवली, सूत कसं सरकतं, माळ कशी लांबते. भोवती माणसं जमली होती. एक जण म्हणाला, "बगा, इद्या उघडी करून सांगायलाय. मोठा माणूस."

बोलून काही उपयोग होईना, तेव्हा गुरुशांतने गॉगल काढला. मग मफलर. मग टोपी. डोळ्यांत अजून पिवळसर छटा होती, डोक्यावरचं होतं नव्हतं ते गेलं होतं, आणि हातावर सुयांचे काळेनिळे डाग होते.

"मला कावीळ झाली होती," तो मोठ्याने म्हणाला. "मी माझीच माळ घातली. कमरेपर्यंत आली ती. आत कॅन्सर वाढत बसला. मोतीबिंदू वगैरे काही न्हाय मला. मी तुमच्याशी खोटं बोललो."

बिरप्पा कळवळून म्हणाला, "तुमाला तुमची माळ कशी लागंल, अप्पा? न्हाव्याला सोताची हजामत जमती व्हय? आमाला लागती की."

यावर भुवनेश्वरीसुद्धा हसली असती, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती पुढे झाली आणि बिरप्पाच्या बायकोला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, माळ घालणाऱ्यानंच काढायची ना? मग हे काढायलाच आलेत. अन् पुढचं पथ्य हेच सांगतील ते." मग नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाली, "नारळ आणा. शहाणपणा बास झाला."

गुरुशांतने नारळ आणला. भर बाजारात दगडावर फोडला, ज्यावर त्याचा स्वतःचा विश्वास उरला नव्हता ते सगळं साग्रसंगीत केलं, बिरप्पाच्या गळ्यातली माळ काढली आणि दरडावून सांगितलं, "आता पुढचं पथ्य. उद्या सकाळी सोलापूर. सोनोग्राफी. डॉक्टर जे देतील ते घ्यायचं, एक असो की तीन. चुकलास तर माझ्याशी गाठ आहे."

"तुमी संगं असला तर येतो," बिरप्पा म्हणाला.

तो आला. स्वच्छ धुतलेला फेटा बांधून आला. नळीच्या खालच्या तोंडाशी गाठ निघाली. लहान होती, कुठे पसरलेली नव्हती. दुसऱ्या विभागातल्या सर्जननी चित्रं उजेडावर धरून पाहिली आणि ज्ञानदा मॅडमना म्हणाले, "हे काढता येईल. वेळेत आलाय." मोठं ऑपरेशन, पण काढता येईल. हे ऐकताना गुरुशांत खोलीच्या दाराशी उभा होता. त्याला आनंद झाला, खरा आनंद, छातीत मावेना एवढा. आणि त्याच श्वासात असा जळफळाट झाला की त्याला खाली बसावं लागलं. आपल्या हातून वाचलेल्या माणसाचा हेवा करणारा वैद्य सोलापूर जिल्ह्यात बहुधा तो पहिलाच असेल.

बिरप्पाच्या ऑपरेशनची तारीख लागेपर्यंत त्याचा स्वतःचा दुसरा स्कॅन झाला. यकृतातल्या गाठी आक्रसल्या होत्या. गेल्या नव्हत्या, पण लहान झाल्या होत्या.

"तिघांतल्या कुणी केलं हे?" त्याने मॅडमना विचारलं.

"तिघांनी मिळून. कुणी किती, ते तुमच्या एकट्यावरून सांगता येत नाही. म्हणून तर अनेक रोग्यांवर अभ्यास करतात."

गुरुशांतला हसू आवरेना. गुण कुणाचा ते नक्की सांगता येत नाही असं डॉक्टर तोंडावर कबूल करतात, आणि तो मात्र इतकी वर्षं सगळ्याचा धनी होऊन पायरीवर बसत आला होता. रविवारी आता भुवनेश्वरी पायरीवर बसायची आणि येणाऱ्याला रक्त तपासायला पिटाळायची. काही जात, काही शिव्या देत दुसरा माळवाला शोधायला जात. त्या दुसऱ्याचा पत्ता विचारायला काही जण गुरुशांतकडेच येत.

बिरप्पाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गुरुशांतची खुर्ची होती. पहिली बाटली संपत आलेली. भुवनेश्वरी शेजारी स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. बिरप्पा वॉर्डातून दवाखान्याचे ढगळ कपडे घालून हळूहळू चालत आला आणि पायाशी उभा राहिला.

"अप्पा, उद्या माजं हाय. तुमचं कवा?"

"काय माझं?"

"आपरेशन. तुमचंबी ह्येच दुखणं न्हवं का? म्हटलं एकाच दिवशी असतं तर संगं पडलो असतो. गप्पा झाल्या असत्या."

अशा वेळी गुरुशांतच्या जिभेवर काहीतरी विनोदी तयार असायचंच, आज नव्हतं.

"माझं होणार नाही, बिरप्पा," तो म्हणाला. "तुझी माळ मी मध्येच काढली. माझी मी कमरेपर्यंत येऊ दिली."

बिरप्पा शेजारच्या खाटेच्या कडेवर बसला. "मग तुमची कुणी काढली?"

"हिनं."

बिरप्पाने भुवनेश्वरीकडे पाहिलं, मग पुन्हा गुरुशांतकडे. त्याच्या आवाजात दोष नव्हता, नुसती हळहळ होती. "वैनींनी अगुदर काढायची व्हती की, अप्पा."

"व्हय," गुरुशांत म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला आता गॉगल नव्हता. "ती पहिल्या आठवड्यापासून म्हणत होती. मीच ऐकलं नाही."

भुवनेश्वरीने सोललेल्या शेंगांची पिशवी बाजूला ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत त्याच्या कपाळावर हात ठेवला. सिस्टर आली, रिकामी बाटली काढून दुसरी लावली, थेंब मोजून गेली. बिरप्पाने गुरुशांतचा सुई नसलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ती बाटली संपेपर्यंत तो तिथंच बसून राहिला.